अकरा नंबरची कॉट

मी कॉटच्या कडेला झोपते. एक पाय जवळजवळ खाली, म्हणजे कुणी 'ऊठ' म्हटलं तर लगेच उठता यावं असं. भिंतीकडची अर्धी जागा मोकळी असते. इथं वापीला कंपनीच्या खोलीत आम्ही चौघी आहोत. रात्रपाळी करून सकाळी आलो की पडदे ओढायचे आणि पडायचं. धुळ्याकडची माझी खोलीवाली एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या बाजूला कोण झोपतं हो? रोज जागा धरून ठेवता ते?"

बाकीच्या दोघी हसल्या, मीही हसले. पण त्या दिवशी मला झोप लागली नाही. कारण कोण झोपतं ते मला माहीत आहे.

सोलापुरात मी एका वसतिगृहात चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांनी मला माणसात आणलं. आज जे काही चार पैसे, चार शब्द माझ्याजवळ आहेत ते तिथले. आणि तिथली एक रात्रसुद्धा माझ्या हक्काची नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून लिहायला बसले की आधी आभार मानावेत की आधी कबूल करावं हेच ठरत नाही.

माझं गाव मंगळवेढ्याच्या पुढं, काळ्या रानातलं. आठवी अर्ध्यात सुटली. आई गेली होती, धाकटी दोघं होती, भाकऱ्या कुणीतरी थापायला पाहिजे होत्या. एकोणिसाव्या वर्षी सोलापूरला आले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला. मागावरून उतरलेले टॉवेल कापायचे, कडा दुमडून शिवायच्या, दिवसभर तेच. राहायला दूरच्या मावशीकडं होते. मावशी चांगली होती. मावशीच्या घरातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. एवढंच लिहिते.

वसतिगृहाला आमच्या युनिटमधून डागी टॉवेल स्वस्तात जायचे. एकदा रिक्षातून गठ्ठा पोचवायला मालकानं मला पाठवलं. गठ्ठा उतरवला, पावती घेतली, हॉलमधल्या बाकावर जरा टेकले, आणि मग मला उठताच येईना. पाय धड होते. पण परत मावशीकडं जायचं म्हटलं की अंगातलं बळ जायचं. रिक्षावाला हाका मारून निघून गेला.

तेव्हा बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, संस्थेच्या विश्वस्त, आणि वसतिगृह चालवायच्याही त्याच. साठीच्या पुढच्या, बुटक्या, चपलांचा आवाज मोठा.

"काय गं, पाणी पाहिजे का?"

मी रडायला लागले. त्यांनी तीन प्रश्न विचारले, तेही हळू आवाजात. मी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "अकरा नंबरची कॉट रिकामी आहे. आजपासून इथं राहा."

समोर जेवणघराच्या दारावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. वर 'संस्थेचा उद्देश', आणि खाली: 'सोलापूर शहरात शाळा-महाविद्यालयात शिकणाऱ्या, बाहेरगावच्या गरजू मुलींची राहण्या-जेवणाची सोय करणे.' मी ते ओठ हलवत वाचलं, आणि मला धडकीच भरली.

"बाई, मी शिकत न्हाई."

"आत्ता काय केलंस?"

"वाचलं."

"मग?"

एवढ्यावर माझा प्रवेश झाला.

संध्याकाळी सात ते आठ सगळ्यांनी हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसायचं असा तिथला नेम होता. मलाही बसवलं. आधी पाचवीचं पुस्तक, मग सातवीचं, मग अर्ध्यात सुटलेल्या आठवीची सगळी. मी आज हे लिहिते आहे ते त्या तासामुळं. बाई एका वहीत हजेरी घ्यायच्या, त्यात माझं नाव असायचं. पण प्रवेशाच्या मोठ्या रजिस्टरात नव्हतं. त्यात 'शाळेचे नाव' आणि 'इयत्ता' असे रकाने होते, आणि बाई खोटं लिहायच्या नाहीत. म्हणून माझी ओळच नव्हती. जेवत होते, झोपत होते, आजारी पडले तर बाई कपाळावर हात ठेवत होत्या, पण कागदावर अकरा नंबरची कॉट रिकामी होती. कधी कधी मला वाटायचं, मी नाहीच इथं. आरशात बघून घ्यायचे.

माझ्यानंतर आणखी आल्या. अक्कलकोटच्या पुढची, घरी कन्नड बोलणारी एक, ती माझ्या शेजारी बारा नंबरला. मग सोलापूरच्याच पूर्वभागातल्या, विणकर वस्तीतल्या दोघी. अशा करत कामावर जाणाऱ्या आम्ही नऊ जणी झालो. प्रत्येकीची काहीतरी गोष्ट होती, आणि बाईंना ऐकल्यावर नाही म्हणता यायचं नाही.

संस्थेचे चिटणीस काका मात्र प्रत्येक वेळी म्हणायचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं. "बाई, हे संस्थेच्या घटनेत बसत नाही."

"बसत नाही तर उभी राहील."

"थट्टा नाही. संस्थेला हातपाय नसतात, कागद असतो. कागदात आहे तेवढंच तिनं करायचं. जास्तीचं पुण्यही चालत नाही तिला."

"मग घटना बदला की."

"त्याला सभा लागते, ठराव लागतो, धर्मादाय कार्यालयाची मंजुरी लागते. वर्षं जातात."

"ही तोवर कुठं झोपणार? तुमच्याकडं?"

मी हे भाजी निवडत ऐकायचे आणि देठासकट निवडायचे. काका मला शत्रू वाटायचे. आता वाटतं, त्या घरात माझ्याविषयी खरं बोलणारा तो एकच माणूस होता.

चौथ्या वर्षीचा जून. त्या दिवशी कामावर जरा उशिरा जायचं होतं, निघायच्या तयारीत होते, फाटकाशी कुणीतरी आलं म्हणून मीच कडी काढली. बाप आणि लेक. वेळापूरहून एसटीनं आलेले. मुलीच्या काखेत नायलॉनच्या दोरीनं बांधलेली वळकटी, बापाच्या हातात पत्र्याची पेटी. तिला दहावीला चांगले मार्क पडले होते, सोलापुरात अकरावी सायन्सला नंबर लागला होता. पेटी नवी होती. कुलूपही नवं.

बाईंनी त्यांना बसवलं, मार्कांचा कागद हातात घेऊन वाचला, आणि म्हणाल्या, "आत्ता एकही जागा नाही हो. यादीत नाव ठेवते."

बाप दारावरचं वाक्य वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या केसांत कापसाचे तंतू होते, ते धुतले तरी जात नसत. गळ्यात युनिटचं कार्ड होतं.

"ताई, तुमी कुटल्या कॉलेजला?"

मी म्हणाले, "मी... हितंच असते."

तो हसला नाही, रागावलाही नाही. नुसतं "बरं" म्हणाला. जाताना मुलगी फाटकाशी थांबली. तिनं पाणी मागितलं. मी आणून दिलं. प्यायली, नळावर जाऊन पेला विसळला आणि माझ्या हातात दिला. मग बापाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "ताई, एखादी सोडून गेली तर सांगाल का? मी एकटी पण येईन."

"व्हय. सांगते की."

मी तिचं नाव विचारलं नाही. तिनं सांगितलं होतं का तेही आठवत नाही. वळकटीवरची चादर आठवते, हिरवी, मोठ्या फुलांची, आमच्याच सोलापूरची.

एखादी सोडून जायला काय लागतं? मी जाऊ शकत होते. तेव्हा माझी शिलाई चांगली चालली होती, आम्ही दोघी-तिघी मिळून खोली घेऊ शकलो असतो. हे मला त्याच संध्याकाळी, पुस्तक उघडून बसले तेव्हा कळलं होतं. बारा नंबरवालीला मी म्हणालेही, "आपण खोली बघू या का?"

"अय्यो, का? बाई हाकलल्या का?"

"न्हाई."

"मग गप की बे. बाहेर भाडं काय, डिपॉझिट काय. हितं आई हाय आपली."

मी पुस्तकात डोकं घातलं. त्या रात्रीपासून मी कडेला सरकले. भिंतीकडं ती वेळापूरची होती. तिचा श्वास वगैरे ऐकू यायचा असं मी म्हणणार नाही. पण कूस बदलताना मी जपून बदलायचे, कुणाला धक्का लागू नये म्हणून. पाय लांब केला की वाटायचं, आता वळकटीला लागेल. जूनचा जुलै झाला. अकरावीचे वर्ग भरले असणार. मी कुणालाच काही बोलले नाही.

श्रावणात पत्र आलं. वेळापूरच्या एका पालकानं धर्मादाय कार्यालयात तक्रार दिली होती: शिकणाऱ्या मुलीला जागा नाही म्हणतात आणि कारखान्यातल्या बायका राहतात. निरीक्षक पाहणीला येणार होते. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बाई, संस्थेचं राहू द्या. तुमच्यावर येतं हे. विश्वस्त म्हणून तुमच्यावर."

ते ऐकून कॉलेजच्या मुलींनी त्यांच्या त्यांच्यात ठरवलं. पाहणीच्या सकाळी त्यांनी आपले जादाचे गणवेश आमच्यापुढं टाकले. "घाला. रांगेत आमच्यामध्ये उभ्या राहा. कोण विचारतंय?"

त्या पोरींचं प्रेमच होतं ते. आम्ही नऊ जणींनी गणवेश घातले. माझी ओढणी इस्त्रीची होती. बारा नंबरवालीला कुर्ता बसेना, ती म्हणाली, "यव्वा, दोन मुलांची आई दिसते मी यात," आणि सगळ्या हसत सुटल्या. मीही हसले, आणि हसताहसता आरशात पाहिलं. तेवीस वर्षांची, अकरावीच्या गणवेशातली. ज्या मुलीला हे कपडे मिळायचे होते तिच्या जागी मी झोपत होतेच, आता तिचे कपडेही माझ्या अंगावर होते.

बाई आल्या आणि दारातच थांबल्या. "हे काय सोंग?"

त्या आणखी काही म्हणणार तेवढ्यात निरीक्षक आलेच.

मला वाटलं होतं, मोठा आवाज असेल. पण साधा माणूस, हातात फाइल, दाराशी चपला काढून आत आला. आधी वर बघून निळं वाक्य वाचलं. परत वाचलं. मग घटनेची प्रत मागितली आणि तेच वाक्य तिच्यात बोट ठेवून वाचलं. मग रजिस्टर, मग संध्याकाळच्या हजेरीची वही. वहीत नऊ नावं जास्त होती.

"या नऊ कोण?"

काकांनी घसा साफ केला. "त्या... संध्याकाळी अभ्यास असतो. म्हणजे रात्रशाळेसारखंच म्हणायचं साहेब."

निरीक्षक रांगेकडं वळले. माझ्यापाशी येऊन थांबले. ओढणीवर बघत होते. ओढणीवर केसांतून पडलेला पांढरा तंतू होता.

"कितवीला?"

"आठवी," मी म्हणाले. तोंडातून आलं ते हेच. शेवटची जी होती ती.

मागून एक मुलगी फिसकन हसली. निरीक्षक हसले नाहीत. "कुठली शाळा?"

काका त्यांच्या मागं उभे होते. मान हलवून मला खुणावत होते, म्हण, रात्रशाळा म्हण. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द म्हटला असता तर बाई वाचल्या असत्या, माझी कॉट वाचली असती. मी बाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, फाटकाकडं पाहत होत्या. मी पण पाहिलं. फाटकाशी कुणी नव्हतं. पण तिथं कुणी नसणं मला त्या दोन महिन्यांत इतकं दिसलं होतं, की मला वाटलं आता हिच्यासमोर खोटं बोलले तर ही जन्मभर इथंच उभी राहील.

"साहेब, मी शिकत न्हाई. टॉवेलच्या युनिटला शिवायला जाते. चार वर्षं हितं राहते. ह्या पण तशाच. बाईंचा काय दोष न्हाई, त्यांनी आमाला ठेवून घेतलं."

शेवटचं वाक्य मी बाईंना वाचवायला बोलले. त्यांच्याविरुद्धचा पुरावा तेच होतं, हे मला नंतर कळलं. काकांनी भिंतीला हात टेकला.

"बरोबर बोलली," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. चहा आला होता तो गार झाला. मग ते म्हणाले, "बाई, वाईट काम केलंत असं मी लिहिणार नाही. पण माणसाला मनात येईल ते चांगलं करता येतं. संस्थेला येत नाही. ही जागा ज्यानं दिली त्यानं शिकणाऱ्या मुलींसाठी दिली. ती तुमची नाही, माझी नाही, संस्थेचीसुद्धा नाही एका अर्थी."

"आणि मी यांना माझ्या घरी ठेवलं असतं तर?"

"तर मी नुसता चहा प्यायला आलो असतो."

बाई हसल्या. त्या हसल्या हे मला आजही सहन होत नाही.

आम्हाला महिन्याभरात जागा सोडायची होती. बाईंनी विश्वस्तपदाचा राजीनामा दिला. दिला की द्यावा लागला, हे मी कधी विचारलं नाही. बाकीच्या आठ जणींपैकी कुणी मला बोल लावला नाही, बारा नंबरवाली सोडून. ती म्हणाली, "एक शब्द जड झाला व्हय गं तुला?" आणि नंतर माझी पेटी रिक्षात तिनंच चढवली.

आम्ही तिघींनी एमआयडीसीजवळ खोली घेतली. जी खोली जूनमध्ये घेता आली असती, तीच. पंधरा दिवसांनी माझी राहिलेली उशी आणायला वसतिगृहात गेले. अकरा नंबरची कॉट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. मी नव्या रेक्टरना विचारलं, वेळापूरची मुलगी आली नाही का? त्या म्हणाल्या, कोण वेळापूरची? पुढं कळलं, ते सबंध वर्ष ती कॉट तशीच राहिली. ना मी, ना ती.

पुढं मी वापीला आले. इथं आल्याबरोबर रजिस्टरात माझं नाव दाखवा म्हणून मी सुपरवायझरच्या मागं लागले. त्यानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत दाखवा म्हणाले. "पागल हो क्या बेन," तो म्हणाला. अजूनही दर जूनला मी जाऊन बघून येते. आहे नाव.

आणि त्या मुलीला मी मोठी करत राहिले. ती बारावी झाली. नर्स झाली. एका वर्षी मी तिला शिक्षिका केलं. दवाखान्यात गेले की नर्सच्या छातीवरची पाटी वाचायचे, नाव माहीत नसूनही.

यंदा बाईंचा फोन आला. आवाज पार बारीक झालाय. "मंजूर झालं गं. घटना बदलली. बघायला ये."

राजीनामा दिल्यावर गेली इतकी वर्षं त्या आणि काका, दोघंच, कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. सभेचे ठराव, अर्ज, सुनावण्या, त्रुटी, परत अर्ज. काका मध्येच गेले. तरी बाईंनी सोडलं नव्हतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी रजा टाकून गेले. हॉलमध्ये बाई खुर्चीत बसल्या होत्या, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. दारावर नवा पेंट होता, निळाच.

"वाच," बाई म्हणाल्या.

मी मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य तसंच होतं. त्याच्याखाली नवीन: 'वरील मुलींची सोय झाल्यानंतर जागा उरल्यास, काम करणाऱ्या गरजू मुलींची सोय करणे.'

"'जागा उरल्यास' हे काकांनी घातलं," त्या म्हणाल्या. "मी भांडले त्यांच्याशी. मग पटलं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "बाई, ती वेळापूरची?"

त्या म्हणाल्या, "पाहणी झाली त्याच आठवड्यात मी गेले होते वेळापूरला. एसटीनं. म्हटलं, जागा झालीय, चला. तिच्या वडलांनी चहा दिला. म्हणाले, आता कशाला बाई, कॉलेजनं नाव कमी केलं, पोरगी घरी बसली, बघायला पण येऊन गेले. ती आतून ऐकत होती. बाहेर आली नाही."

"तुमी मला सांगितलं न्हाई."

"तू खरं बोलली होतीस. वर आणखी हे कशाला?"

मी घरात बसले तेव्हा आठवीत होते. ती अकरावीत. एवढाच फरक.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारलं.

बाईंनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

वापीला परत आले, पाळी केली, सकाळी येऊन पडदे ओढले. धुळ्याकडची म्हणाली, "ताई, आज तरी नीट झोपा, पडाल एक दिवस." मी बरं म्हणाले. कॉटवर बसून आधी भिंतीकडची चादर हातानं सरळ केली, सुरकुत्या काढल्या. मग तिचं नाव एकदा मनात घेतलं आणि कडेला आडवी झाले.